ड्युअल बूटला सामाईक पार्टिशन: एनटीएफएस की एक्सफॅट?

कोथरूडकर: भाच्याने तपकीर गल्लीतून एसएसडी आणली, डेस्कटॉपवर विंडोजशेजारी उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) टाकलं. आता विचारतोय, दोन्हीकडून वापरायचं पार्टिशन (डिस्कचा वेगळा भाग) कशात फॉरमॅट करू? मी बिनधास्त एनटीएफएस, म्हणजे विंडोजची नेहमीची फाइल सिस्टीम, सांगितलं. उबुंटूत ते कधीकधी रीड-ओन्ली (वाचता येतं, लिहिता येत नाही) उघडतं ही नेहमीची ओरड, पण त्याचं कारण बहुतेकदा फास्ट स्टार्टअप. विंडोज ८ पासून शट डाउन केलं तरी कर्नल (सिस्टीमचा गाभा) डिस्कवर झोपवून ठेवलेलं असतं. पॉवर ऑप्शन्समधली फास्ट स्टार्टअपची खूण काढली की झालं. (गंमत म्हणजे रीस्टार्ट केलं तर विंडोज खरंच बंद होतं!)

सदाशिव_४११०३०: काका, त्यापेक्षा एक्सफॅट करा ना, मायक्रोसॉफ्टचीच दुसरी, साधी फाइल सिस्टीम. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये स्पेसिफिकेशन जाहीर केलं, ५.७ कर्नलपासून लिनक्समध्ये चांगला ड्रायव्हर आहे. जुन्या फॅट३२ ची एका फाइलला ४ जीबीची अट नाही, लग्नाचा अख्खा व्हिडिओ मावतो. रीड-ओन्लीची कटकटच नाही.

कोथरूडकर: कटकट नाही हीच तर भीती! झोपलेल्या विंडोजच्या डोक्यात पार्टिशनची जुनी यादी असते. उबुंटूतून एक्सफॅटवर लिहिताना अडवणारं कुणी नाही. विंडोज जागं होऊन जुन्या यादीवर लिहायला लागलं की फाइलींचा काला. एनटीएफएसचा ड्रायव्हर निदान दारात थांबवतो. शिवाय एक्सफॅटला जर्नल (लिहिण्याआधी बदलांची नोंद) नाही, म्हणजे मध्येच वीज गेली तर बिघडायची भीती जास्त; आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, आणि भाच्याकडे यूपीएस नाही.

सदाशिव_४११०३०: खूण काढायचीच आहे ना? मग तो काला एक्सफॅटवरही होत नाही. आणि एनटीएफएस बिघडलं तर नीट दुरुस्तीला विंडोजचं चेकडिस्कच लागतं. विंडोजच उठेना झालं तर? एक्सफॅट लिनक्समधूनही तपासता येतं.

फेज_३_ची_बस: भाचा कोड लिहितो का? मग एक्सफॅट विसरा. सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणाऱ्या फाइली) नाहीत, प्रत्येक फाइलला वेगळी परवानगी नाही. एनपीएम इन्स्टॉल (जावास्क्रिप्टची पॅकेजं उतरवणारी आज्ञा) तिथेच आडवं पडतं. मी तर कोड एनटीएफएसवरही ठेवत नाही. तो एक्स्ट४ वर (लिनक्सची स्वतःची फाइल सिस्टीम), आणि गिटने (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) इकडून पुश म्हणजे पाठवायचा, तिकडे पुल म्हणजे ओढून घ्यायचा. सामाईक पार्टिशनवर फक्त फोटो आणि पीडीएफ.

कोथरूडकर: दुसऱ्या वर्षाला कम्प्युटरला आहे, म्हणजे कोड आलाच. तुमचं गिटचं पटलं. बाकीच्यासाठी एनटीएफएसच.

सदाशिव_४११०३०: करा. यूपीएसचं तेवढं गुरुवारच्या आत बघा.