प्रतिकारशक्ती ‘वाढवून’ दमा जाईल का?
बहिणीचा दमा नियमित इन्हेलर घेऊनही आटोक्यात नाही, तेव्हा प्रतिकारशक्ती वाढवायला काय द्यावं, असं तुम्ही विचारलंय. कळकळीने सांगतो, ॲलर्जीच्या दम्यात प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते, ती चुकीच्या शत्रूवर तुटून पडत असते. परागकणांसारख्या निरुपद्रवी गोष्टींविरुद्ध शरीर आयजीई नावाची प्रतिपिंडं बनवतं, ती मास्ट पेशींवर, म्हणजे ॲलर्जीची रसायनं साठवणाऱ्या पेशींवर, दबा धरून बसतात. तोच कण पुन्हा आला की काही मिनिटांत त्या पेशींतून हिस्टामिन हे रसायन सुटतं, श्वासनलिका आवळतात. काही तासांनी इओसिनोफिल या पांढऱ्या रक्तपेशी जमतात आणि सूज रेंगाळते.

म्हणूनच मेपोलिझुमॅब या दम्यावरच्या औषधाची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. इओसिनोफिल वाढवणाऱ्या इंटरल्यूकिन-५ या शरीरातल्या निरोप्या प्रथिनाला ते अडवतं. सुरुवातीला सरसकट रुग्णांना देऊन पाहिलं, तर फारसा फायदा दिसेना. २००९ च्या चाचण्यांमध्ये इओसिनोफिल जास्त असलेलेच रुग्ण निवडले आणि झटके स्पष्टपणे घटले. २०१५ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. औषध तेच होतं, माणसं नीट निवडली इतकंच!

तेव्हा बहिणीचे रक्तातले इओसिनोफिल आणि आयजीई तपासलेत का, हे डॉक्टरांना विचारा. स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, कारण त्यांनी इओसिनोफिलचा आकडा खाली येतो.