उरणच्या पाणथळींवर पक्षी पाहायला पर्यटकांनी यावे का?

धागालेखक: जानेवारी २०२४ पासून लोकल थेट उरणपर्यंत धावते, आणि भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला येणारी लाँच तर जुनीच आहे. एका बाजूला न्हावा-शेव्याचे बंदर आणि दुसऱ्या बाजूला पाणजे, भेंडखळ, बेलपाडा येथील पाणथळी, जिथे हिवाळ्यात रोहित, चित्रबलाक, तुतारी, शेकाट्या दिसतात, असे गाव मुंबईच्या इतके जवळ दुसरे नाही. माझे ठाम मत आहे की लोकांनी येथे आवर्जून यावे. ज्या पाणथळीकडे कोणी फिरकत नाही, ती कागदोपत्री रिकामा भूखंड ठरायला वेळ लागत नाही.

प्रतिसाद १: मी असहमत आहे. ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडतो तेव्हा हे पक्षी तिथे चरतात आणि भरतीने चिखल बुडाला की पाणजेसारख्या जागी विसाव्याला येतात. नेमके याच वेळी ते बांधापासून जवळ असतात, त्यामुळे छायाचित्रकारांची गर्दीही याच वेळी होते. माणूस पुढे सरकला की सगळा थवा उठतो, पुन्हा बसतो, पुन्हा उठतो. ज्यांना मार्च-एप्रिलमध्ये सायबेरिया किंवा मध्य आशियापर्यंत उडायचे आहे, त्यांची साठवलेली चरबी अशा उठाबशांत खर्ची पडते.

प्रतिसाद २ (करंजा): दोघांचेही बोलणे पक्ष्यांपाशीच थांबते. येथील शेती आणि मिठागरे बंदर व नवी मुंबईसाठी गेली. त्याच जमिनींच्या मोबदल्यासाठी झालेल्या जानेवारी १९८४ च्या आंदोलनात गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले. खाडीतील मासेमारी बुडाल्याबद्दल १,६३० कुटुंबांना भरपाई द्यावी, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिला. खरा प्रश्न उघाड्यांचा, म्हणजे बांधातून भरतीचे पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दारांचा आहे. भरतीचे पाणी आत येण्याच्या वाटा अडल्या की पाणजे कोरडे पडते, आणि मग पर्यटक आले काय, न आले काय, पक्षी येणारच नाहीत. त्याच पाण्याबरोबर कोळंबी आणि निवट्या हे चिखलातले मासेही नाहीसे होतात, हे मात्र कोणी लिहीत नाही.

धागालेखक: उघाड्यांचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच लोक यायला हवेत. पाणी कोणत्या तारखेला आत आले नाही, याचे तारीखवार फोटो नियमित येणाऱ्यांकडेच असतात. तक्रार घेऊन समितीपुढे किंवा न्यायालयात उभे राहताना तेच कामाला येतात.

प्रतिसाद १: त्यासाठी शनिवार-रविवारच्या झुंडी लागत नाहीत. भरतीचे वेळापत्रक पाहून, बांधावरून खाली न उतरता, दुर्बीण घेऊन नोंदी ठेवणारी मोजकी माणसे पुरतात.

प्रतिसाद २ (करंजा): ती माणसे गावातलीच असू द्या. उघाडीचे दार कधी बंद झाले, हे बोटीवरून रोज पाहणाऱ्याला आधी कळते. त्याला दुर्बीण आणि दिवसाची मजुरी द्या, मग पाहुणे खुशाल येऊ देत.