जॉर्डनमधल्या विवाहित स्त्रिया आणि नोकरी

जॉर्डनमधल्या विवाहित स्त्रिया नोकरी का करत नाहीत, तर नवरा नको म्हणतो, एवढंच कारण अनेकदा दिलं जातं; ते अपुरं आहे. जॉर्डनमध्ये शिकलेल्या मुली भरपूर, तरी नोकरीत किंवा नोकरीच्या शोधात असलेली स्त्री सातांत जेमतेम एक. खाजगी शाळेतल्या शिक्षिकेचा पगार बहुधा किमान वेतनाच्या आसपास; त्यातून पाळणाघर आणि बस-टॅक्सीचं भाडं गेलं की उरतं काय? म्हणून दुपारी सुटणारी सरकारी नोकरीच हवी असते. मालकावर पाळणाघराची कायदेशीर सक्ती पूर्वी कामावर २० विवाहित स्त्रिया असतील तरच, म्हणजे बायका कमी घेण्यातच मालकाचा फायदा! कामगार कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने स्त्री-पुरुष सगळ्या कर्मचाऱ्यांची मिळून पाच वर्षांपर्यंतची १५ मुलं हा निकष आला. हे फार चांगलं झालं. मात्र छोट्या कचेऱ्या अजूनही सुटतात.