मदत हवी आहे: ४२९४९६७२९७ च्या विभाजकांत १२८ कुठून येतो?

नमस्कार मंडळी. २ च्या ३२व्या घातात १ मिळवला की ४२९४९६७२९७ ही संख्या मिळते. फर्मा या गणितज्ञाला ती मूळ संख्या वाटत होती. ऑयलरने १७३२ मध्ये ती ६४१ × ६७००४१७ अशी फोडली.

मला अडलंय ते असं. समजा 'प' हा तिचा मूळ विभाजक. मग २ च्या ३२व्या घाताला 'प' ने भागल्यावर बाकी −१ उरते, ६४व्या घाताला +१. म्हणजे बाकी १ देणारा सर्वांत लहान घात ६४च, आणि फर्माच्या छोट्या प्रमेयावरून (२ च्या प−१ व्या घाताला 'प' ने भागल्यावर बाकी १ उरते) प−१ ला ६४ ने भाग जायला हवा. इथपर्यंत पक्कं समजलं.

पण पुस्तकं सांगतात की प−१ ला १२८ ने भाग जातो! हा जादाचा २ फार मोलाचा आहे. ६४१ पर्यंत १२८क+१ या रूपाच्या (क म्हणजे १, २, ३...) मूळ संख्या दोनच, २५७ आणि ६४१. ६७००४१७ मूळ आहे हे तपासायलाही २५७, ६४१, ७६९, ११५३ आणि १४०९ एवढ्या पाचच संख्यांनी भागून पाहावं लागतं. हातानं होण्यासारखं काम आहे, मला हे विलक्षण सुंदर वाटतं.

सिद्धतेत म्हटलंय की 'प' ने भागताना २ ही कुठल्यातरी संख्येच्या वर्गाची बाकी असते. वर्गशेषांचा सगळा सिद्धांत न वापरता ती संख्या थेट लिहून दाखवता येईल का? निदान सुरुवात कुठून करावी, एवढं सांगितलंत तरी चालेल, पुढची आकडेमोड मी करेन.