हेगच्या लाल मोर्चाला जाऊन आले, आता जैतून (ऑलिव्ह) तोडणीला जाऊ का?

द्राक्षबाग (प्रश्न)

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबडा आहे, चहा घेऊन बसा.

मी तासगावकडची. सहा वर्षं झाली नेदरलँड्समध्ये नोकरी करते, हेगला लागूनच राहते. २०२५ च्या १८ मे रोजी हेगमध्ये गाझासाठी मोर्चा निघाला, त्याला ऑफिसातल्या मैत्रिणीबरोबर गेले होते. सगळ्यांनी लाल कपडे घालून यायचं आणि माणसांचीच एक लाल रेषा शहरातून ओढायची. इथलं सरकार इस्रायलपुढे 'याच्यापुढे नाही' अशी लाल रेषा आखत नाही ना, मग आम्ही आखतो, असा त्याचा अर्थ. माझ्याकडे लाल म्हणण्यासारखं काहीच नव्हतं. शेवटी लग्नातली बांधणीची ओढणी काढली. तिला अजून डांबरगोळ्यांचा वास येत होता.

लाखाच्या वर माणूस होतं. मी आयुष्यात पाहिलेली मोठी गर्दी म्हणजे वारीची, आणि ही गर्दी तिच्यापेक्षा फार गप्प. माझ्या शेजारून एक डच आजीबाई चालत होत्या. लाल रेनकोट, हातात वहीच्या कागदावर एका मुलाचं नाव आणि वय. चार वर्षं. घोषणा सुरू झाल्या तरी त्यांनी तोंड उघडलं नाही. वाटेत त्यांनी मला पिशवीतलं सफरचंद दिलं आणि विचारलं, "भारतात हा रंग लग्नाचा ना?" मी हो म्हटलं आणि मग का कोण जाणे, बराच वेळ मान वर करता आली नाही.

फोटो टाकला आणि सुरू झालं. इथल्या मराठी ग्रुपवर एकाने लिहिलं, "गणपतीच्या वर्गणीला मागेपुढे बघतात आणि हमासच्या मोर्चाला पुढे." त्याचं सोडून देते. आप्पांचं मात्र सोडता येत नाही. आमची तीन एकर बाग आहे. पंचवीसएक वर्षांपूर्वी आप्पा शेतकऱ्यांच्या अभ्यास दौऱ्यात इस्रायलला जाऊन आले, तिथली टोपी अजून कपाटात आहे. त्यांचा फोन आला: "पोरी, आपल्या बागंला ठिबक कुणी शिकवलं? वाळवंटात बाग फुलवली त्या लोकांनी. आन् तू त्यांच्याच विरुद्ध फिरतीस व्हय? मोर्चं काढून लढाया थांबत्यात का कधी?"

मला उत्तर देता आलं नाही. ठिबकची नळी लहानपणापासून डोळ्यांसमोर आहे. माझं शिक्षण त्याच नळीवर झालं.

आता मुद्दा. मैत्रिणीच्या ओळखीचा एक गट येत्या ऑक्टोबरात वेस्ट बँकेत, म्हणजे इस्रायलच्या ताब्यातल्या पॅलेस्टिनी भागात, जैतून तोडणीला माणसं नेणार आहे. मला छाटणी येते, काढणी येते, उन्हात उभं राहता येतं. पण त्याचा तिथल्या माणसाला खरंच उपयोग होतो, की आपलंच समाधान? पासपोर्ट भारतीय आहे, इथलं राहणं परवान्यावर. कुणी गेलं असेल तर सांगा.

रोखठोक

स्पष्ट बोलतो, राग मानू नये. मणिपूरसाठी कधी लाल ओढणी काढली होती का? काश्मिरी पंडितांसाठी? गाझासाठी निदर्शनांची परवानगी मागणाऱ्यांना मुंबई उच्च न्यायालयानेही जुलै २०२५ मध्ये हेच विचारलं होतं, की हजारो मैलांवरचे प्रश्न कशाला, आधी आपल्या देशाचं बघा. आणि हेगमध्ये चालल्याने गाझात काय फरक पडला, तेवढं एक उदाहरण द्या.

द्राक्षबाग

मणिपूरसाठी नाही काढली. खरं आहे, आणि तुम्ही विचारल्यावर लाज वाटली. पण म्हणून गाझासाठीही घरी बसायला हवं होतं, हे गणित मला जमत नाही.

उदाहरण मागितलंत म्हणून. मोर्च्यानंतर दोनच दिवसांनी युरोपियन युनियनने इस्रायलबरोबरच्या सहकार्य कराराचा फेरआढावा घ्यायचं ठरवलं. प्रस्ताव डच परराष्ट्रमंत्र्यांचाच होता, सतरा देश मागे उभे राहिले. मोर्च्यामुळे झालं असं मी म्हणणार नाही, प्रस्ताव आधीच मांडला होता. पण त्याच मंत्र्यांनी ऑगस्टमध्ये राजीनामा दिला, कारण इस्रायलवर आणखी कडक उपाय करायला मंत्रिमंडळ तयार होईना. त्याआधी फेब्रुवारी २०२४ मध्ये हेगच्या अपील कोर्टाने एफ-३५ लढाऊ विमानांचे सुटे भाग इस्रायलला पाठवणं थांबवा असा आदेश दिला होता. तीन संस्थांनी खटला घातला होता. २०२५ च्या ऑक्टोबरात डच सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश तसाच ठेवला नाही, पण सरकारला सहा आठवड्यांत परवान्याचा फेरविचार करायला लावलं. म्हणजे धड जिंकलोही नाही, हरलोही नाही. आप्पांना हे सांगितलं तर म्हणतील, तारीख पे तारीख.

तिकीटवाला_ठाणे

रोखठोकसाहेब, न्यायालयाचं अर्धंच सांगितलंत. ऑगस्टमध्ये पोलिसांनीच परवानगी दिली आणि आझाद मैदानावर निदर्शनं झाली.

आणि हजारो मैलांचं म्हणाल तर माझ्या अल्बममध्ये एक तिकीट आहे. २९ नोव्हेंबर १९८१, शंभर पैसे. आपला झेंडा आणि पॅलेस्टाइनचा झेंडा शेजारी शेजारी. भारतीय टपाल खात्याचं आहे, कुठल्या मोर्चेवाल्यांचं नाही. २९ नोव्हेंबर का, तर १९४७ साली त्याच दिवशी संयुक्त राष्ट्रांत पॅलेस्टाइनच्या फाळणीचा ठराव झाला आणि भारताने विरोधात मत दिलं. आपली फाळणी होऊन साडेतीन महिने झाले होते हो. १९८८ साली पॅलेस्टाइनला मान्यता दिली, १९९२ साली इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध जोडले. संयुक्त राष्ट्रांतलं गाझाच्या युद्धविरामावरचं हल्लीचं मतदान पाहा: ऑक्टोबर २०२३ च्या ठरावावर तटस्थ, डिसेंबरात बाजूने, जून २०२५ ला पुन्हा तटस्थ, सप्टेंबर २०२५ ला इस्रायल आणि पॅलेस्टाइन अशा दोन राष्ट्रांच्या जाहीरनाम्याला होकार. आमच्या सोसायटीच्या मीटिंगसारखं आहे, कोण कधी हात वर करेल नेम नाही. तिकिटावर मात्र दोन्ही झेंडे अजून ताठ आहेत.

तोडणीचं मला माहीत नाही. वाईकर सर जाऊन आले आहेत, ते बघतील तेव्हा लिहितील.

वाईकर_सर

बघितलं. जरा सविस्तर लिहितो.

मी निवृत्त झाल्यावर २०१९ च्या ऑक्टोबरात गेलो होतो. मुंबई ते अम्मान, तिथून जॉर्डन नदीवरच्या पुलाने पलीकडे. पुलावर चार तास बसवून ठेवलं. गाव बुरीन, नाब्लुसच्या दक्षिणेला. गाव खोलगटात, एका टेकडीवर यित्सहार ही इस्रायली वसाहत, दुसरीवर हर ब्राखा. मधल्या उतारावर गावकऱ्यांची झाडं. आपल्याच झाडाकडे जायला लष्कराची तारीख घ्यावी लागते, त्याला ते 'तन्सीक' म्हणतात. वसाहतीजवळच्या तुकड्यांना वर्षातून दोन-तीन दिवस मिळतात. तेवढ्यात नांगरट, छाटणी, तोडणी काय ती उरकायची. तू बागायतदाराची मुलगी, तुला सांगायला नको की तीन दिवसांत बाग कशी सांभाळली जाते.

काम सोपं दिसतं. खाली ताडपत्री अंथरायची, फांदी मुठीत धरून धार काढल्यासारखी ओरपायची. फळं टपटप पडतात. पहिल्या दिवशी मी काठीने झोडायला गेलो तर घरातल्या आजीने काठीच काढून घेतली. झोडलं की कोवळे शेंडे मोडतात आणि पुढच्या वर्षीचं फळ त्यांच्यावरच धरतं. आधीच या झाडाला आपल्या हापूससारखं वर्षाआडचं वेड. मग आजीने मला लहान पोरांच्या बाजूला बसवलं, पाला वेचायला. एकवीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या माणसाला! दुपारी सेजचा पाला घातलेला चहा, तव्याएवढी रोटी, तेल आणि झातर हा मसाला. संध्याकाळी पोती घाण्यावर. तिथे रांग, भांडणं, काट्यावर सगळ्यांची नजर, अगदी आपल्या गुऱ्हाळासारखं. तेल पडतं ते हिरवंगार, घशाला तिखट लागतं.

आता उपयोगाचं. आमच्या गटात मी, दोन स्पॅनिश मुली, एक स्कॉटिश नर्स आणि तेल अवीवचे दोन ज्यू पेन्शनर होते. रब्बींची (ज्यू धर्मगुरूंची) एक मानवाधिकार संघटना दरवर्षी तोडणीला माणसं पाठवते, त्यातले. हाताने म्हणाल तर आम्ही सहा जण मिळून त्या आजीच्या एका सुनेइतकं काम करत नव्हतो. आमचं काम वेगळं होतं. तिसऱ्या दिवशी टेकडीवरून सात-आठ पोरं उतरली, दोघांनी तोंडं बांधलेली. दगड आले. घरातले पुरुष बायकापोरांना गोळा करायला लागले आणि ते दोन पेन्शनर उलट चढावर गेले. सत्तरीचे, एकाच्या गुडघ्याला पट्टा. हिब्रूत काय बोलले मला कळलं नाही, पण पोरं थांबली. मग जीप आली, लष्कराने कागद दाखवला की हा भाग बंद, सगळ्यांनी निघा. पोरांना नाही, आम्हाला. अर्धी झाडं तशीच राहिली. तरी आजी म्हणाली (नातवाने इंग्रजीत सांगितलं), मागच्या वर्षी कुणी नव्हतं तेव्हा पोतीही गेली होती.

हे २०१९ चं. आता परिस्थिती कितीतरी वाईट आहे. २०२५ च्या ऑक्टोबरात वसाहतवाल्यांचे २६० वर हल्ले संयुक्त राष्ट्रांनी नोंदवले. २००६ पासून मोजतात, एका महिन्यात इतके कधीच झाले नव्हते. आणि त्याच महिन्यात याच बुरीनमधून तोडणीला आलेले ३२ परदेशी धरून देशाबाहेर काढले. म्हणून तुला सरळ सांगतो, भारतीय पासपोर्ट आणि डच परवाना घेऊन जाताना आधी तिथल्या वकिलाशी बोल. कधी हद्दपार केलं होतं का, हे पुढच्या बऱ्याच व्हिसा अर्जांत विचारतात. माझ्यासारख्या पेन्शनवाल्याचं काय बिघडतंय? तुझं बिघडू शकतं. गेलीस तर शिकायला जा, शौर्याला नको. आणि बोटांना लावायला व्हॅसलिन ने.

अश्दोदची_आत्या

मी इथली जुनी वाचक, लिहीत नाही फारशी. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, माहेर अलिबागजवळचं. १९७१ ला इस्रायलला आले. अजून घरी मलिदा करतो, पोहे इथे भारतीय दुकानात मिळतात.

बाळ, तुझी ओढणी वाचून चांगलं वाटलं आणि वाईटही. २०२३ च्या ७ ऑक्टोबरला हमासचा हल्ला झाला तेव्हा आमच्या इमारतीच्या जिन्यात मी सहा तास बसून होते. भाच्याला त्याच संध्याकाळी राखीव दलाचं बोलावणं आलं. बाराशे माणसं मेली, अडीचशेच्या वर ओलीस नेली. तुमच्या मोर्च्यात त्यांच्यापैकी एकाचं नाव कुणी कागदावर लिहून आणलं होतं का? टोमणा नाही, खरंच विचारते.

आणि गाझात जे झालं त्याला माझ्या नावाने झालं असं म्हणू नका, हे मी इथल्या चौकात शनिवारी रात्री उभी राहून म्हणते. शेजारी बोलत नाहीत काही जण. सर म्हणाले त्या पेन्शनरांसारखी माणसं इथे अजून आहेत. पॅलेस्टिनी आजारी मुलांना नाक्यावरून आपल्या गाडीत घालून इस्रायली दवाखान्यात पोहोचवणारी. गाझाच्या सीमेजवळच्या नीर ओझचे ओदेद लिफशित्स गाझातल्या रुग्णांना असंच नेत असत. त्यांनाच ओलीस नेलं, ते तिथेच वारले, देह २०२५ च्या फेब्रुवारीत आला. त्यांच्या बायकोलाही, योखेवेदलाही, नेलं होतं; तिने सुटताना पहारेकऱ्याचा हात हातात घेऊन 'शालोम' (शांती) म्हटलं. तेव्हा इथे किती शिव्या खाल्ल्या बाईने.

जायचं तर जा. पण येताना अश्दोदला ये. तुझ्या आप्पांना जी शेतं दाखवली तीही खरी आहेत.

द्राक्षबाग

आत्या, ओलिसांचं नाव माझ्या आसपास तरी कुणाच्या हातात दिसलं नाही. दिसायला हवं होतं. येणार तुमच्याकडे, पोहे खायला.

सर, वकिलाशी बोलल्याशिवाय तिकीट काढत नाही. काल रात्री तुमचं लिहिलेलं आप्पांना फोनवर वाचून दाखवलं. मोर्च्याबद्दल काही बोलले नाहीत. काठीचं ऐकून म्हणाले, "म्हातारी शहाणी हाय." मग विचारलं, त्या उतारावरच्या झाडांना पाणी कुठनं देत्यात? ठिबक हाय का तिथं?

वाईकर_सर

नाही. झाडं कोरडवाहू, हिवाळ्यात पडेल तेवढ्या पावसावर. दगडी बांध घालून ओल धरतात. नवी विहीर किंवा बोअर घ्यायची तर १९६७ पासून इस्रायली लष्कराचा परवाना लागतो, आणि मिळणं मुश्कील. वरच्या वसाहतीत नळाचं पाणी आहे. हे मी डोळ्यांनी पाहिलं.

द्राक्षबाग

सांगितलं. बराच वेळ गप्प. यंदा आमची बाग मार्चपासून टँकरवर आहे, मागे त्याचा आवाज येत होता. मग म्हणाले, "किती फुटावर लागतं म्हणं तिथं पाणी?"

सर, माहीत असेल तर सांगा. उद्या परत विचारणार आहेत.