मदत हवी आहे : अमेरिकन रॅपर नॅसच्या दुसऱ्या अल्बममधील आवाज स्वच्छपणे वेगळा कसा करावा?

'इलमॅटिक' या पहिल्या अल्बमनंतर दोनच वर्षांनी, १९९६ मध्ये आलेल्या नॅसच्या 'इट वॉज रिटन'ला ट्रॅकमास्टर्स या संगीत-निर्मात्या जोडीच्या गुळगुळीत निर्मितीमुळे अनेक जुन्या चाहत्यांनी दुय्यम ठरवले, आणि तो अन्याय होता, असे मला आता तो पुन्हा पुन्हा ऐकताना मनापासून वाटते. बंदुकीच्याच तोंडून सांगितलेले 'आय गेव्ह यू पॉवर' ज्या अल्बममध्ये आहे, त्याचे लेखन उणे कसे म्हणावे?

नाइन्थ वंडर या हिप-हॉप निर्मात्याने २००३ मध्ये नॅसच्याच 'गॉड्स सन'मधील गाण्यांना नवे संगीत दिले होते. त्या धर्तीवर 'इट वॉज रिटन'मधील तीन-चार गाण्यांना अधिक खरखरीत ताल देण्याचा माझा प्रयत्न चालू आहे.

अडचण नॅसचा आवाज संगीतापासून वेगळा करण्याची आहे. मूळ गाण्यावर त्याचीच केवळ वाद्यांची आवृत्ती फेज उलटवून (म्हणजे ध्वनिलहर उलटी करून) ठेवली, की सामाईक भाग नाहीसा होऊन आवाज उरायला हवा. परंतु माझ्याकडील दोन फायलींचे मास्टरिंग (ध्वनीवरचा अंतिम संस्कार) बहुधा वेगळे असल्यामुळे स्नेअर ड्रम आणि हाय-हॅट झांजांचे अवशेष मागे राहतात. आवाज वेगळा करणारे सॉफ्टवेअर वापरले, तर 'स' आणि 'श' पाण्याखालून आल्यासारखे ऐकू येतात, आणि नॅसच्या दाट यमकांसाठी हे फारच घातक आहे.

ज्यांनी असे काम केले आहे, त्यांनी कृपया सांगावे : बारा इंची सिंगल तबकडीवरील अकापेला (वाद्यांविना केवळ आवाज) रेकॉर्ड करून घेणे अधिक चांगले ठरेल का? तसे केल्यास टर्नटेबलच्या गतीतील सूक्ष्म फरकामुळे ओळी तालापासून सरकतात, तेव्हा प्रत्येक ओळ हाताने जुळवावी की संपूर्ण आवाज एकदाच ताणावा?