डेक दबतोय: भोकं पाडून इपॉक्सी सोडू की कापूनच काढू?

जुनीहोडी: माझी २८ फुटी फायबरची शिडाची बोट. डोलकाठीच्या पुढे पाय ठेवला की डेक ओल्या पुठ्ठ्यासारखा खचतो. रेलिंगच्या खांबाचा एक स्क्रू काढला, तर भोकातून गंजकट तपकिरी पाणी ओघळलं. फायबरच्या दोन थरांमध्ये बाल्सा (हलकं लाकूड) आहे. एकाने सुचवलंय, बारीक भोकं पाड आणि सिरिंजने इपॉक्सी (दोन भाग मिसळल्यावर कडक होणारा गोंद) सोड. चांगला दिसणारा डेक कापायला हात धजत नाही.

डोलकाठी: सिरिंजच्या नादी लागू नका, मी लागलो होतो. दीड लिटर इपॉक्सी आत गेलं, मीही खूश. दोन वर्षांनी शेवटी कापलंच, तेव्हा प्रत्येक भोकाभोवती बांगडीएवढी कडक चकती आणि मधे सगळा काळा चिखल. ओल्या लाकडात इपॉक्सी मुरत नाही हो.

आधी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. चांगल्या जागी 'टक', कुजलेल्या जागी 'भद्द'. पेन्सिलीने रेघ मारा आणि काप तिच्या बाहेर तळहातभर घ्या, कारण ओल कानाला कळते त्यापेक्षा लांब गेलेली असते. करवतीचं पातं फक्त वरच्या थराइतकंच खोल ठेवा (माझा थर ४ मिमी होता). खालचा थर शाबूत हवा. केबिनमधून त्याला टेकू द्या, नाहीतर डेकचा बाक जातो. मग फिकट, कोरडा बाल्सा लागेपर्यंत छिन्नीने खरवडा. मास्क चांगला घ्या. फायबरची धूळ माझ्या मानेला आठवडाभर चावत होती.

नवा बाल्सा इपॉक्सी पितो, म्हणून आधी दोन्ही बाजूंनी पातळ पाजायचं. नंतर तो चिकटवायला इपॉक्सीत सिलिका (घट्ट करणारी बारीक पूड) घालून थापीवरून ओघळणार नाही इतकं घट्ट कालवायचं, पण थोडं थोडं. मी एकदा डबाभर कालवलं, तर डब्यातूनच धूर!

जुनीहोडी: कापलेला वरचा थर परत बसवता येईल का? त्यावरची खरखरीत नक्षी वाचली असती.

डोलकाठी: येतो, मी तोच बसवला. खालून घासून स्वच्छ करा. काप नक्षीमधल्या गुळगुळीत पट्टीतून घ्या. सांध्याला दोन्हीकडे थराच्या जाडीच्या 12 पट लांब, घासून केलेला उतार लागतो, म्हणजे ४ मिमीला जवळजवळ ५ सेंमी. त्यामुळे कडेची थोडी नक्षी जाणारच. तिच्यापायी उतार आखूड करू नका, सांधा तिथेच तडकतो.

नांगर: पाणी शिरलं कुठून ते विसरू नका. स्क्रूचं प्रत्येक भोक मोठं करा, घट्ट इपॉक्सीने भरा, वाळल्यावर त्यातच नवं भोक पाडा. खांब बसवताना खाली ब्युटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) लावा. नुसतं सीलंट फासलं तर पुन्हा हेच.

जुनीहोडी: आत्ता पलीकडच्या खांबाचा स्क्रू काढून बघितला. तिथेही तेच पाणी. करवत आणतो.